आजोळ कोणतं गं?

गेवराईहून बीडला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत त्या मावशी मला रोज भेटतात. त्यांचं नाव मला ठाऊक नाही आणि माझं त्यांनी कधी विचारलं नाही. अनोळखी बाई दिसली की त्यांचा प्रश्न ठरलेला, "आजोळ कोणतं गं?" बापाचं गाव एकच असतं, आईकडून धरलं की सोयरं लवकर घावतंय, असं त्यांचं म्हणणं.

परवा खिडकीच्या जागेवरून दोघींची जुंपली. एकीनं बाहेरून रुमाल टाकून जागा धरली होती, दुसरी आधी चढली होती. मावशींनी रुमालवालीला आजोळ विचारलं.

"उमापूर," ती फणकाऱ्यानं म्हणाली.

मावशी दुसरीकडे वळल्या. "उमापुरात तुझं कोण हाय?"

"नणंद दिलीय की, चिंचेखालच्या घरात."

"अगं बया!" रुमालवाली ओरडली. "ती तर माझी मामी!"

झालं! भांडण राहिलं बाजूला. "तुमी बसा." "न्हाई न्हाई, तुमीच बसा." दोघी हसत एकमेकींना जागेकडं ढकलू लागल्या.

कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा मावशी त्याच खिडकीशी ऐसपैस बसून मला सांगत होत्या, "सोयरं निघालं की माणसाचं मन लई मोठं हुतंय बघ."