गुरुवारचं तेल

होसियत-ओपाच्या घरातून गुरुवारी तेलाचा वास येत नाही, हे आमच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. ओपा म्हणजे ताई, सगळे तिला तसंच म्हणायचे. आमच्या उझबेकी मर्गिलानात बाकी प्रत्येक दारातून येतो. आपापल्या मेलेल्यांच्या नावानं चालपाक तळायचे, पुरीसारखे पण पातळ. वास त्यांना पोचतो आणि चालपाक शेजाऱ्यांना. मुलगा एर्गाश रशियात कामाला जाऊन बेपत्ता झाला, तेव्हापासून ओपानं गुरुवारची कढई चढवली नाही. नवऱ्याच्या नावानंसुद्धा नाही. म्हणायची, "वास एकदा वर गेला की कोण विचारतंय कुणासाठी ते? माझं पोर चुकून त्यात धरलं जायचं!"

आणि तिच्या हातचे चालपाक तरी कसे असायचे! सासूकडून आलेली रीत. पीठ कोमट दुधात भिजवायचं, त्यात मेंढीच्या शेपटीची चरबी चोळायची, आणि सरकीच्या तेलात अख्खा कांदा टाकून तो काळाठिक्कर होईस्तोवर तापवायचं. एर्गाश कढईपाशी ठाण मांडून बसायचा. "त्याला किती आवडायचे, नाही गं?" असं मी एकदा बोलून गेले, तर अशी खेकसली माझ्यावर! "आवडतात म्हण! जिभेला काही हाड?"

तेव्हापासून मीही जपून बोलायची. पण राग यायचा, खोटं कशाला सांगू? घरात सून होती ना, रायहोन. तरणीताठी पोर, दिवसभर खाली मान घालून राबायची. तिच्या भावानं चांगलं स्थळ आणलं, रेशीम विणणारा, बायको वारलेला. ओपानं त्याला दारातूनच वाटेला लावलं. "तिचा नवरा जिवंत आहे," म्हणे. मी तोंडावर म्हटलं, "आशा तुझी ओपा, आणि जन्म जातोय तिचा." महिनाभर बोलली नाही माझ्याशी.

त्या गुरुवारी आम्ही दोघी बाजाराला गेलो. ओपा पिवळी गाजरं निवडत होती, एकेकाचं टोक मोडून बघत. गाजरवाली तुर्सुनोय एकदम ओरडली, "सुयुंची! आधी सुयुंची काढा ओपा, मग सांगते!" चांगली बातमी आणणाऱ्याला आमच्यात बक्षीस द्यावं लागतं, त्याचीच ही मागणी.

ओपानं हातातलं गाजर खाली ठेवलं. "माझा एर्गाश?"

"मग दुसरं कोण? मुलगा झाला हो त्याला! माझा भाऊ तिकडेच बांधकामावर आहे, पाळण्याच्या जेवणाला जाऊन आला. थोरली मुलगी तर शाळेत जाते म्हणे, आईसारखी गोरीपान! तुम्हाला माहीत असेलच की."

मला वाटलं, ही आता मटकन खाली बसते. नाही बसली. अंगावरची लोकरी शाल काढली आणि तुर्सुनोयच्या मांडीवर टाकली. "ही घे तुझी सुयुंची. आणि बातमी गिळून टाक. आणखी कुणापाशी तोंड उघडलंस तर झिंज्या उपटीन."

गाजरं तिथंच ठेवली. पीठ घेतलं, चरबी घेतली. तेलवाल्याकडे बोट बुडवून चाखलं आणि बाटली भरून घेतली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"ओपा, वेड लागलं का? जिवंत आहे तो!"

"ते तुला न् मला ठाऊक."

"अगं, पोटच्या पोराला मारतेस? पाप लागेल!"

"लागू दे. टाकलेली म्हणून ही गल्ली जन्मभर टोचून खाईल तिला. विधवेला निदान कुणी विचारत नाही, तुझ्यात काय खोट होती म्हणून."

घरी कढई चढताना बघून रायहोन जागच्या जागी थिजली. "आई, आज गुरुवार आहे."

"माहीत आहे. कांदा आण."

पोरगी जी रडायला लागली! त्या नालायकासाठी! तो तिकडे पाळणा हलवत बसलेला आणि ही इथं ऊर फुटेस्तोवर रडतेय. खरं सांगून टाकावं असं किती वाटलं मला. पण ओपा माझ्याकडे बघत होती. मी पोळपाट पुढ्यात ओढला.

वास गल्लीभर गेला. त्या घरातून गुरुवारचा वास, म्हणजे काय ते सगळे समजले. अंगण भरलं. रायहोनचा भाऊही येऊन भिंतीशी उभा राहिला. गल्लीतल्या वडीलधाऱ्यांनी दुव्यासाठी हात पसरून विचारलं, "कुणाच्या नावानं?"

"माझ्या एर्गाशच्या," ओपा म्हणाली. आवाज जरासुद्धा हलला नाही. सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले.

मी ताटं भरायला बसले. ओपानं त्यातला एक चालपाक उचलून बाजूला ठेवला.

"हा नको देऊस कुणाला. कडेनं करपलाय. एर्गाशला असाच आवडतो."

दारात रायहोन चहाची किटली घेऊन उभी होती. तिनं झटकन मान वर केली.

मी ओपाच्या हातावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं दरडावून म्हणाले, "आवडायचा म्हण, ओपा."