पेन्सिलनं लिहिलेला खाना

ढिगातून चिमूटभर कापूस उचलायचा, सरकी काढून टाकायची, रुई दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायची, जुळवून पुन्हा ओढायची, आणि उरलेले धागे स्वेटरच्या काळ्या बाहीवर ठेवून डोळे बारीक करायचे. मग स्वतःलाच हळूच विचारायचं, “पक्कं का?” आणि पेन काढून चिठ्ठीवर कापसाचा दर्जा लिहायचा. आमच्या जिनिंगमधल्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातल्या, ग्रेडरभाऊंना एका गाडीला एवढाच वेळ लागे. कापसाच्या हंगामात तुम्ही कधी महागावकडे आला असाल, तर गाडीवर वाकलेला असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल आणि विसरला असाल. मीही विसरलो असतो तर बरं झालं असतं.

मी तिथे वजनकाट्यावर बसायचो. भरलेली गाडी मोजा, रिकामी मोजा, पावती फाडा. म्हणून ते मला काटेबाबू म्हणत. मला हे नाव मुळीच आवडत नसे. पण ते इतक्या मायेने म्हणत की चिडायची सोय नव्हती.

दिवाळी झाली की ते एक पेटी आणि एक गादी घेऊन येत, जिनिंगच्या मागच्या टिनाच्या खोलीत राहत आणि कापूस संपला की निघून जात. असे तीन हंगाम. त्यांना भेटायला कधी कोणी आलं नाही. फोन वाजला तर कापूस घेणाऱ्या कंपनीवाल्यांचा. घरी कोण कोण आहे, असं एकदा विचारलं तर म्हणाले, “हायेत ना, चार भिंती.” आणि असे हसले, जणू काही मोठाच विनोद केला.

रविवारी जिनिंग बंद असायची. कॅन्टीन चालवणाऱ्या मंदाबाई मात्र भांडी घासायला यायच्या. आमचा फिटर फुलसिंग जवळच्या तांड्यावरून मशीनला तेल द्यायला यायचा. आणि मी यायचो, कारण घरात करमत नसे. अशाच एका रविवारी ग्रेडरभाऊंनी कॅन्टीनच्या टेबलावर कापडी पिशवी उलटी केली. त्यातून रंगीबेरंगी फासे निघाले. एकाला आठ तोंडं, एकाला बारा, एकाला तर चक्क वीस.

“बापा! हे कायच्या बिया होत जी?” मंदाबाई म्हणाल्या.

“ग्रेडरभाऊ, जुगार खेळता का?” मी म्हटलं. आमच्याकडे फासे दिसले की माणसाला दुसरं काही आठवत नाही.

“पैसा दिसते का कुठं?” ते म्हणाले. “गोष्ट हाय ही. मी जग सांगतो, तुमी त्यातले माणसं व्हा. राक्षस हाय, मांत्रिक हाय, किल्ला हाय. काय करायचं थे तुमी सांगा, आन् जमलं का नाही थे फासा सांगते.”

कापसाचं शिक्षण घेताना वसतिगृहात कोणाकडून तरी ते हा खेळ शिकले होते. ते सोबती केव्हाच पांगले. हा माणूस मात्र पिशवी घेऊन या जिनिंगमधून त्या जिनिंगमध्ये फिरत राहिला, कोणी खेळायला बसतं का ते बघत. वीस वर्षांत पहिल्यांदा तीन माणसं एका टेबलावर बसली, असं त्यांनीच नंतर सांगितलं. मला आधी ते खरं वाटलं नाही.

खेळायच्या आधी आपल्या पात्राचा खाना ठरवावा लागे. त्यांनी सांडलेल्या चहात बोट बुडवून टेबलावर चौकट काढली, उभे तीन, आडवे तीन.

“दोनच सवाल हायेत. माणूस नेमानं चालते का मोकाट? आन् दुसऱ्याचं भलं पाहते का बुरं? दोन्हीकडं एक एक मधला. झाले नऊ खाने.”

“आन् नेमानं चालते पण बुरंच करते, थो?” मंदाबाईंनी विचारलं.

“थो सगळ्यात खराब, बाई. त्याच्याजवळ कागद असते.”

मंदाबाई झाल्या जंगलातली चोरटी. खजिना फोडायचा आणि भुकेल्यांना जेवू घालायचं. मोकाट, भली. फुलसिंग झाला मांत्रिक. मोकाट, मधला. मी किल्ल्याच्या दाराचा पहारेकरी झालो. नेमाचा, मधला. “काट्यावर बसून बसून तुमाले नेमाशिवाय सुचतच नाही,” असं मंदाबाईंनी लगेच ऐकवलं.

खेळ राहिला बाजूला, पहिला महिनाभर आम्ही गावालाच खान्यांत बसवत होतो. एसटीचा कंडक्टर, बँकेच्या दारातला बंदूकवाला, कोणी सुटलं नाही. मंदाबाईंनी आपल्या सासूला ‘नेमाची, बुरी’ मध्ये टाकलं. पुढच्या रविवारी त्या आल्या त्या हात पुसतच. “माह्या सासूले खोडा जी. मले ताप होता तं तीन दिवस तिनंच भाकरी टाकल्या.” ग्रेडरभाऊंनी खोडरबर काढला. “म्हणून तं पेन्सिल,” ते म्हणाले. “कापसाले पेन चालते. माणसाले पेन्सिलच पाहिजे.”

तर खाना असा पेन्सिलनं लिहायचा. खेळ संपला की त्या दिवशी कोणी काय केलं यावर बोलायचं, आणि सगळ्यांना पटलं तर खाना सरकवायचा. एकदा फुलसिंगच्या मांत्रिकाने स्वतःचा जीव वाचवायला एका गावाची कोठारं पेटवून दिली. त्याने सांगितलं तेव्हा ग्रेडरभाऊंनी फासा मुठीत धरून विचारलं, “पक्कं का?” ही त्यांची रीत होती. फासा पडेपर्यंत तुम्ही शब्द परत घेऊ शकत होता. फुलसिंग तोऱ्यात म्हणाला, “पक्कं.”

संध्याकाळी त्याचं तोंड उतरलं. आपल्या बोलीत ‘भिया, भिया’, म्हणजे भाऊ, भाऊ, करत तो स्वतःच खोडरबर घ्यायला लागला. ग्रेडरभाऊंनी त्याचा हात धरला. “आपला खाना आपुन खोडत नाही. चांगल्याकडं बी नाही आन् बुऱ्याकडं बी नाही. टेबल खोडते. सगळे बसले पाहिजेत, आन् तोंडावर खोडला पाहिजे. पाठीमागं नाही.” मग आम्ही चौघांनी मिळून त्याला बुऱ्यात टाकलं. पठ्ठ्या दोन दिवस आमच्याशी बोलला नाही. पुढे पाच-सहा रविवार राबून, त्याच गावातल्या लोकांना राक्षसापासून वाचवून तो परत मधल्यात आला, तेव्हा त्याने तांड्यावरून सगळ्यांसाठी लापशी आणली होती.

माझा खानाही एकदा सरकला. किल्ल्याचं दार उघडून मंदाबाईच्या चोरटीला बाहेर सोडलं होतं, आणि राजाने दरबारात विचारलं, दार कोणी उघडलं? मी गप्प बसलो असतो तर दुसरा पहारेकरी अडकत होता. मी छाती काढून म्हटलं, “मी उघडलं, महाराज.” ग्रेडरभाऊंनी विचारलं, “पक्कं का? नोकरी जाईन.” मी म्हटलं, “पक्कं!” मंदाबाईंनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांना पटलं, आणि माझ्या कागदावर ‘मधला’ खोडून ग्रेडरभाऊंनी ‘भला’ लिहिलं. खोटं कशाला बोलू, घरी जाताना मी सायकलवर शीळ घालत होतो.

एका रविवारी आम्हा तिघांनाही यायला जमलं नाही. मी एका लग्नाला गेलो होतो, पंगत लवकर उरकली म्हणून दुपारी सहज डोकावलो. ते टेबलाशी एकटेच बसले होते. समोर चारही बाजूंना कागद मांडलेले, चार कप. ते मंदाबाईच्या जागी बसून काहीतरी बोलले, मग उठून आपल्या जागी आले आणि रिकाम्या खुर्चीला विचारलं, “पक्कं का?” मला पाहून इतके शरमले की कप गोळा करू लागले. “हात साफ करून राह्यलो, काटेबाबू,” म्हणाले. त्यानंतर मी एकही रविवार चुकवला नाही. निदान एवढं तरी माझ्या बाजूने लिहून ठेवतो.

तिसऱ्या हंगामात ते झालं. आमच्या शेठचा एका शेतकऱ्यावर राग होता. सोसायटीच्या निवडणुकीत तो शेठच्या भावाच्या विरोधात उभा राहिला होता. त्याची गाडी आवारात शिरली तेव्हा शेठ स्वतः बाहेर आले आणि ग्रेडरभाऊंना म्हणाले, “दुसरा दर्जा लिव.” ग्रेडरभाऊंनी चिमूट उचलली, ओढली, बाहीवर ठेवली. धागे लांब आणि पांढरे होते. मी काट्याच्या खिडकीतून पाहत होतो. त्यांनी स्वतःला विचारलं आणि पहिला दर्जा लिहिला. शेठ चिठ्ठीकडे एकदा बघून ऑफिसात परतले. तो शनिवार होता.

सोमवारी मला ऑफिसात बोलावणं आलं. टेबलावर ती कापडी पिशवी होती. फासे पसरलेले होते, आमचे कागद होते. वॉचमनकरवी सगळं उचलून आणलं होतं. ग्रेडरभाऊ भिंतीशी उभे होते.

“जिनिंगच्या आवारात जुगार चालते म्हणतात,” शेठ मला म्हणाले. “हे सांगते का गोष्टीचा खेळ हाय. तू बी असतो ना तिथं? जुगार हाय का नाही, तूच सांग.”

काय सांगायचं ते मला ठाऊक होतं. एक वाक्य होतं. शेठ, एक पैसाही कधी लागला नाही, मी स्वतः खेळतो. एवढं म्हटलं असतं तर काय झालं असतं? फार तर मीही गेलो असतो. पण तेव्हा माझी बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती, आणि काट्यावर बसायला दहा पोरं टपलेली होती. ही कारणं मी त्यानंतर शंभरदा उगाळली आहेत. त्या क्षणी मनात यातलं काहीही नव्हतं. नुसती भीती होती.

“मले नाही माहीत, शेठ,” मी म्हटलं. “मी तिथं चहा प्याले बसतो.”

ग्रेडरभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रविवारी टेबलाच्या पलीकडून बघायचे, अगदी तसंच. आणि तितक्याच हळू विचारलं, “पक्कं का?”

देवाशपथ सांगतो, शब्द परत घ्यायला त्यांनी मला पुरता वेळ दिला. मी शेठच्या टेबलावरच्या वीस तोंडांच्या फाशाकडे बघत म्हटलं, “हो. पक्कं.”

शेठने त्यांचा हिशेब केला आणि ते दुपारच्या गाडीने गेले. मी काट्यावर बसलो होतो. पेटी आणि गादी घेऊन ते माझ्या खिडकीसमोरूनच गेले, कारण फाटकाकडे जायला दुसरा रस्ता नव्हता. “येतो, काटेबाबू,” असं म्हणाले. मी रजिस्टरमध्ये मान घातली. मला आजही त्या मान घालण्याची लाज वाटते, ऑफिसातल्या खोटेपणापेक्षा जास्त.

फासे शेठने ठेवून घेतले. कागद मात्र ग्रेडरभाऊंनी मागून घेतले होते आणि मंदाबाईंजवळ देऊन गेले होते. ज्याचे त्याला द्या म्हणाले. मंदाबाईंनी माझा कागद चहाच्या कपाखाली ठेवून पुढे सरकवला. मी घाबरत उलगडला. मला वाटलं, खोडून काहीतरी लिहिलं असेल. एखादी रेघ तरी ओढली असेल.

काही नव्हतं. जसं होतं तसंच होतं. नेमाचा, भला.

“मंदाबाई, खोडा हे,” मी म्हटलं.

“म्या कशी खोडू जी?” त्या ओट्याकडे तोंड करून बोलत होत्या. “टेबल बसावं लागते. चौघं पाहिजेत. तुमालेच माहीत हाय ना नेम.” थोडा वेळ भांडी घासून त्या म्हणाल्या, “आन् मले इचारलं असतं ना शेठनं, तं म्या सांगतलं असतं. पण मले कोणी इचारलंच नाही.” फुलसिंगला विचारायची माझी हिंमत झाली नाही. तोही आताशा काट्याकडे फिरकत नाही. वंगणाचे डबे मागच्या वाटेने नेतो.

ग्रेडरभाऊंचा नंबर बंद लागत होता. पुढच्या हंगामात आमच्याकडे नवा ग्रेडर आला. तो दणादण चिठ्ठ्या लिहितो, स्वतःला काही विचारत नाही. एकदा एक गाडीवाला बोलता बोलता म्हणाला, बाभुळगावच्या बाजूला एका जिनिंगमध्ये तुमचे जुने ग्रेडर पाहिले. मी रविवार बघून एसटीने गेलो. कागद खिशात होता, नवा खोडरबरही घेतला होता. मनात पक्कं केलं होतं, की त्यांच्यासमोर बसायचं, कागद ठेवायचा आणि म्हणायचं, सरकवा.

फाटकावर म्हातारा वॉचमन ऊन खात बसला होता. “थे होय? गेले ना जी. तब्येत बरी नव्हती, अर्ध्या हंगामातच गेले. कुठं गेले थे काही सांगतलं नाही.” मग त्याला काहीतरी आठवलं. “मोठा अजब माणूस. रविवारी तिथं शेडमंदी कागद मांडून बसे. फासे बी नव्हते जवळ. सरक्या टाके, सरक्या. मले म्हणे, बसा ना भाऊ. पण आपल्याले कुठं येते असलं? कोणीच नाही बसलं त्याच्यासंगं.”

परतीच्या गाडीला वेळ होता. मी त्या शेडमध्ये जाऊन बसलो. एक लाकडी टेबल होतं, दोन खुर्च्या. फटीत चार-पाच सरक्या अडकल्या होत्या. मी कागद काढून समोर ठेवला, खोडरबर हातात घेतला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. समोरच्या खुर्चीवर कोणी नव्हतं. आपला खाना आपण खोडत नाही. गाडीची वेळ झाली तेव्हा मी कागदाची घडी घातली आणि उठलो.

तो अजून माझ्याजवळ आहे. त्यावर अजून तेच लिहिलेलं आहे.