कोण्या गावचं वाक्य

आमच्या वऱ्हाडात अनोळखी माणूस दारात आला, की त्याला आधी पाणी देतात आणि मग विचारतात, "कोन्या गावचे?" नावाचं नंतर पाहतात. शमीम मॅडम हाच प्रश्न वाक्यांना विचारायच्या. हिरव्या शाईचं पेन घेऊन त्या आमचे कागद वाचायला बसत आणि एखादं वाक्य कुठून आलं ते कळलं नाही, की समासात एकच शब्द लिहीत : 'गाव?' माझा पहिला निबंध परत आला तेव्हा शेजारी बसणारी पायल त्यात डोकावून म्हणाली, "काका, तुमचा तर पुरा तालुका झाला."

मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होतो. नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात भांडार सांभाळायचो. दुपारपाळी मागून घेतली आणि सकाळी अमरावतीला मराठीच्या एम.ए.च्या वर्गात जाऊन बसू लागलो. पायल माझ्या मुलीच्या वयाची. तरुणपणी बी.ए. होताच नोकरीसाठी शिक्षण सोडलं होतं आणि ते वडिलांना लागलं होतं. ते गेल्यावर कितीतरी वर्षांनी मला शिकावंसं वाटलं. माझं बरंचसं असंच उशिरा झालं आहे.

नव्या अभ्यासक्रमात पहिल्याच सत्राला संशोधनपद्धतीचा पेपर होता. तो शमीम मॅडमकडे. त्या मूळच्या अकोटच्या. घरात उर्दू, गल्लीत वऱ्हाडी आणि नोकरी मराठी शिकवण्याची. ठेंगण्या, जाड चष्म्याच्या, फिक्या रंगाची सुती साडी नेसणाऱ्या. प्रमाण मराठी त्या उत्तम लिहीत, पण वर्गात ठासून वऱ्हाडी बोलत. कोणी तोंड दाबून हसलं तर म्हणत, "हसून घ्या. मंग लिहाले लागा."

माझ्या निबंधात मी लिहिलं होतं, 'वऱ्हाडी ही अशुद्ध बोली मानली जाते.' मॅडमनी मला उभं केलं.

"वानखडे भाऊ, कोन मानते?"

"सगळेच मानतात, मॅडम."

"मी नाही मानत. पायल, तू मानतं का? नाही. मंग कोन? 'मानली जाते' म्हटलं की मानणारा मांगच्या दारानं पयाला. त्याले पकडून आना, त्याचं नाव लिहा, मंग त्याच्याशी भांडा."

संदर्भसूचीबद्दल त्यांचा एक नियम होता. "ज्याच्या घरात बसून चहा पेला, त्याचंच नाव लिहाचं. दारावरून गेलो त्याचं नाही." म्हणजे वाचलेलं पुस्तकच सूचीत घालायचं. एकदा पायलने मोबाइलला विचारून एका ग्रंथाचं नाव आणलं. लेखक, प्रकाशक, पानांचे आकडे, सगळं व्यवस्थित. मॅडम म्हणाल्या, "वा. मले बी वाचाले आन." पायलने ग्रंथालय पालथं घातलं, दुकानं फिरली, पुण्याच्या मावसभावाला कामाला लावलं. शेवटी रडकुंडीला येऊन सांगितलं, की असं पुस्तकच नाही. मॅडमनी तिला स्वतःच्या डब्यातली भाकर दिली आणि म्हणाल्या, "मोबाइलनं पाव्हना तर झकास पाठवला होता बाई, पन त्याचं गावच नकाशात नाही." त्या दिवसापासून पायल वर्गात सगळ्यांत काटेकोर झाली. माझी अवतरणं तीच तपासायची.

सत्र संपत आलं तेव्हा मॅडमनी एक स्वाध्याय दिला. आपल्या घरात वर्षानुवर्षं सांगितली जाणारी एक गोष्ट लिहायची आणि ती कुठून आली ते शोधायचं. पोरांनी देवीच्या, खापरपणजोबांच्या, विहिरीतल्या भुताच्या गोष्टी लिहिल्या. मी माझ्या भावाची लिहिली. का लिहिली, ते मलाही नीट सांगता येणार नाही. कदाचित कोणाला तरी ती वाचायला द्यायची होती.

आमचं घर अकोल्याजवळ फुलं पिकवणारं. वडील अत्यवस्थ झाले त्या दिवशी कारखान्यात मालाची मोजदाद चालू होती. धाकट्या संतोषचा फोन आला. मी म्हणालो, "आटोपून निघतोच." निघालो तेव्हा ते गेले होते, आणि पोहोचलो तेव्हा चिता विझत आली होती. अग्नी देण्याचा मान थोरल्याचा. अग्नी संतोषने दिला होता. तेरवीपर्यंत आम्ही एका घरात राहिलो, पण एकमेकांकडे पाहिलं नाही. नंतर तो सासुरवाडीला धारणीला गेला, तिथे भाजीचं दुकान टाकलं. काही दिवसांनी काकूकडून कळलं, "संतोष म्हणे, दादाचं तोंड पाहणार नाही." बारा-तेरा वर्षं झाली. मी गेलो नाही. तोही आला नाही.

कागद परत आला. काकूच्या वाक्यातल्या 'म्हणे'भोवती हिरवं वर्तुळ आणि समासात तोच शब्द : 'गाव?'

मला राग आला. मी त्यांच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, "मॅडम, हे माझं आयुष्य आहे. निबंध नाही."

"बसा, भाऊ." त्यांनी पाणी पुढे केलं. "तुमाले हे कोनं सांगतलं?"

"काकूनं."

"तिच्यासमोर म्हटलं त्यानं?"

"ते... ते विचारलं नाही."

"मंग हे दुय्यम साधन झालं. मूळ साधन जित्तं हाय ना?"

"आहे. धारणीला."

"मूळ साधन जित्तं असतानी दुय्यमावर काम भागवलं, तर मी मार्क कापते. सगळ्यायचेच कापते." मग चष्मा काढून पुसत त्या हळू आवाजात म्हणाल्या, "जे आपल्याले पटते ना, त्याचं गाव आपन इचारत नाही. भाऊ, तुमाले शिक्षा पाहिजे होती. म्हणून हे वाक्य तुमी घरात घेतलं. पानीही नाही इचारलं त्याले."

त्यांनी दुसरे कागद तपासायला घेतले, मला उठवलं नाही.

आधी अकोल्याला काकूकडे गेलो. तिला आता कमी ऐकू येतं. "असंच काईतरी म्हटलं होतं बाप्पा त्यानं," ती म्हणाली. "तोंडाचं काईतरी होतं. आता आठवते का मले?"

मग धारणी. मेळघाटातल्या रस्त्यावर बस हेलकावे खात होती आणि मी पायलने शिकवल्याप्रमाणे प्रश्न पाठ करत होतो. दुकान सापडलं. संतोष वांग्यांवर पाणी शिंपडत होता. मला पाहून त्याचा हात थांबला.

"दादा? काई झालं का? घरी सगळे बरे हायत ना?"

त्याला वाटलं, मी कोणाच्या जाण्याची बातमी घेऊन आलो. आमच्यात आता तेवढंच येण्याचं कारण उरलं होतं.

"काही नाही झालं. कॉलेजचं काम आहे."

"कोनाच्या कॉलेजचं?"

"माझ्या."

पाठ केलेले प्रश्न मी विसरलो आणि सरळ विचारलं, "माझं तोंड पाहणार नाही, असं तू म्हणाला होता का?"

संतोषने पाण्याचा डबा खाली ठेवला. "मी? मी म्हटलं होतं, आता दादाले तोंड कसं दाखवू. काकूच्या ओट्यावर बसून म्हटलं होतं. अग्नी तुह्या हातचा होता. लोकं म्हनत होते दिवस बुडून राहिला, आटपा. अन् मी थांबलो नाही." मग त्याने विचारलं, "तू काहून नाही आला?"

"तू काहून नाही आला?" मीही विचारलं.

त्याची बायको चहा घेऊन आली तेव्हा आम्ही दोघं वांगी निवडत होतो, किडकी एकीकडे, चांगली एकीकडे.

मी सगळं लिहून दिलं. मॅडमनी दहापैकी सात मार्क दिले. शेरा होता : 'मुलाखतीची तारीख व जागा लिहिलेली नाही.' मी म्हणालो, काकूमुळे इतकी वर्षं गेली. त्यांनी ते मला बोलू दिलं नाही. "बुढीवर ढकलू नका. वाक्य पायी चालत आलं, रस्त्यात उलटं झालं. तुमी त्याले दारात थांबवलं असतं तर तिथंच समजलं असतं."

त्या वर्षी त्या निवृत्त होऊन अकोटला गेल्या. पुढच्या हिवाळ्यात पायलचा फोन आला, की मॅडम गेल्या. मी संतोषला कळवलं. तो धारणीहून परस्पर अकोटच्या स्टँडवर आला. "मलेही येऊ दे," एवढंच म्हणाला. माती द्यायला आम्ही पोहोचू शकलो नाही. त्यांच्या घरी गेलो तेव्हा मॅडमच्या धाकट्या बहिणीने पाणी दिलं आणि विचारलं, "कोन्या गावचे?"

"मी अकोल्याचा. हा माझा भाऊ, धारणीला असतो."

तिने दोघांकडे नीट पाहिलं. "मंग तुमीच ते. आपा सांगत होती, माह्या एका विद्यार्थ्यानं सातच मार्कांत भाऊ आनला."

माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "कोणाला सांगत होत्या?"

"मले," ती म्हणाली, आणि खिडकीजवळच्या खाटेकडे बोट केलं. "तिथं बसून."