मांडव कोणी उतरवला?

१९७८च्या जानेवारीत, एका मंगळवारी दुपारी, तुलसीराम बायकोला घेऊन बेटाच्या दक्षिणेकडच्या आपल्या गावी, शमें ग्रेनिएला, बसमधून उतरला. आळीत शिरल्यावर त्याला दिसलं, की आपला कारल्याचा मांडव जमिनीवर आहे.

मांडव पडला नव्हता, तो उतरवलेला होता. हा फरक तिथल्या कोणालाही लांबून कळतो. वादळाचा दुसरा इशारा लागला, पोलीस ठाण्यावर दोन लाल बावटे चढले, की भाजीवाले मांडवाचे दोर सैल करतात, तारांची जाळी वेलांसकट हळूहळू खाली घेतात आणि चारी कोपरे खुंटांना आवळून बांधतात. उभा मांडव वारा उपटून नेतो. जमिनीला चिकटलेल्या मांडवावरून तो निघून जातो.

या कामाचा एक नियम आहे. ज्यानं मांडव उतरवला त्यानंच तो उभा करायचा. कोणता कोपरा आधी खाली आला, कोणता वेल कुठे वळवून ठेवला, हे त्यालाच माहीत असतं. उलट्या क्रमानं गाठी सोडल्या नाहीत, तर वेल बुंध्याशी तुटतो. आणि उशीरही चालत नाही. इथे जानेवारीत उन्हाळा असतो; ओल्या मातीवर ते ऊन पडलं, की कारली खालून मऊ पडतात आणि चार-पाच दिवसांत सगळा मळा कुजतो. तुलसीरामची काही कारली आत्ताच पिवळी पडली होती. त्या उन्हाळ्यात त्याच्याकडे दुसरं पीक नव्हतं.

तेव्हा मांडव कोणी उतरवला, हे लगेच कळायला हवं होतं. तुलसीराम शुक्रवारी पहाटेच घरून निघाला होता. त्याची मुलगी पुष्पावती उत्तरेला प्लेन दे पपायला दिली होती. तिच्या बाळंतपणाला जमुना, त्याची बायको, तीन आठवडे तिथे होती. तिला घेऊन तो शनिवारी परतणार होता. पण शनिवारी दुपारी रेडिओवर पहिला इशारा आला, संध्याकाळपर्यंत दुसरा, रविवारी तिसरा, आणि बस बंद झाल्या. सोमवारी वादळ बेटाला बगल देऊन शंभर मैलांवरून पुढे गेलं. पाऊस झाला, झोत आले, आळीतले दोन उभे मांडव मोडले. एवढंच.

तो पिशवी ओट्यावर टाकून शेजारच्या सत्यदेवकडे गेला. सत्यदेव पंचेचाळिशीचा, दोघांच्या शेतांमध्ये फक्त एक चर आहे.

"सत्या, माझा मांडव कोणी उतरवलान?"

सत्यदेव कुंपणाच्या मोडक्या काठ्या वेगळ्या करत होता. तो थांबला. "काका, थट्टा करताय काय?"

"थट्टा कसली? मी नव्हतो घरी."

सत्यदेवनं एकदा मांडवाकडे पाहिलं, एकदा समोरच्या घराकडे. मग म्हणाला, "मी. मीच उतरवला. दोन नंबर लागला ना, तेव्हा."

"मग असा तोंड लपवून काय बोलतोस? उपकारच केलास. उद्या ये, उभा कर."

बुधवारी सकाळी सत्यदेव आला. समुद्राकडचा वारा पडला होता, उसाचं पानही हलत नव्हतं, सात वाजताच अंगाला घाम. तो सरळ घराजवळच्या कोपऱ्याशी बसला आणि गाठ सोडायला लागला. दोर सुटला तशी जाळी तिरकी झाली आणि एक जाड वेल मधोमध फाटला.

"थांब!" तुलसीराम ओरडला. "हा कोपरा शेवटचा. याच्यावर तिन्हीकडचे वेल वळवलेत, दिसत नाही? बांधलास तू, आणि सोडायचं ठाऊक नाही?"

"विसरलो, काका."

"चार दिवसांत?"

सत्यदेवनं सुटलेला दोर पुन्हा खुंटाला बांधला. तुलसीराम त्याच्याकडे बघत राहिला. सत्यदेव खोटं बोलतोय, हे त्याला कळत होतं. न केलेलं चांगलं काम कोणी आपल्या नावावर का घेईल, हे मात्र कळत नव्हतं. काही चोरीला तर गेलं नाही, म्हणून तो मळ्यातल्या अवजारांच्या झोपडीत जाऊन कुदळ, फावडं, कोयता जागेवर आहेत का ते बघून आला. सगळं होतं.

समोरच्या घरातून हिरा आली. ती पासष्टीची विधवा. तुलसीरामला लहानपणापासून ओळखते आणि आळीत कोणाचीही भीड ठेवत नाही.

"त्या सत्याला कशाला पिडतोस, तुलसी? मी उतरवला तुझा मांडव."

"तू? तुझा खांदा वर जात नाही. वेणी घालायला सून लागते तुला."

"आयो! माझ्या वेणीवर आलास? दोर सोडायला वेणी लागते काय?"

"काल तो म्हणाला मी, आज तू म्हणतेस मी. उद्या मारुतीच्या देवळातला पुजारी येऊन सांगेल, मी. चाललंय काय तुमचं?"

"चार कारली सडली तर काही बिघडत नाही. तुझं तोंड आहेच तेवढं कडू."

सत्यदेव हसला. तुलसीराम हसला नाही. तो ओट्यावर जाऊन बसला आणि त्या दिवशी मांडवाला पुन्हा कोणी हात लावला नाही.

त्याचं एवढं मनाला लावून घेणं समजण्यासारखं होतं. तुलसीराम तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा. जन्म साखर कारखान्याच्या वस्तीत, आजा रत्नागिरीकडून या बेटावर आलेला. तेराव्या वर्षी ऊस तोडायला लागला. विशीत कोयत्यानं डाव्या हाताची तर्जनी पेरापासून गेली. पस्तिशीत दीड आर्पां, म्हणजे साधारण दीड एकर, जमीन खंडानं घेऊन तो भाजीकडे वळला. गणपतीला नदीची माती आणायचा मान त्याचा. पण आळीत त्याला ओळखत ते वाऱ्यासाठी. गांधीलमाशांनी पोळं किती खाली बांधलंय, आंबा किती लागलाय, लाटेचा आवाज कुठल्या बाजूनं येतोय, यावरून तो बोलायचा. पंचाहत्तरच्या फेब्रुवारीतल्या मोठ्या वादळात त्यानं इशाऱ्याच्या आदल्या दिवशीच मांडव उतरवला होता. ज्यांनी त्याचं ऐकलं त्यांच्या भाज्या वाचल्या. तेव्हापासून तुलसीरामनं दोराला हात लावला, की आळी दोराला हात लावायची. अशा माणसाला स्वतःच्या मांडवाचा पत्ता नसावा, हे त्याला बोचत होतं. आणि शेजारी त्याच्या तोंडावर खोटं बोलत होते.

गुरुवारी सकाळी जमुना मांडवाशी गेली. खाली बसून तिनं एक खुंट पाहिला, मग दुसरा, मग चौथ्यापर्यंत गेली. परत आली तेव्हा तिनं चहा त्याच्यापुढे ठेवला.

"अहो, गाठी बघितल्यात?"

"गाठीत काय बघायचं?"

"बघा तरी."

त्यानं जाऊन पाहिलं. दोर घायपाताचा, त्याचाच. गाठीचं शेपूट डावीकडे निघून दोराखाली दाबलेलं. सगळ्या आळीत शेपूट उजवीकडे येतं. अर्धं बोट नसलेल्या माणसाला दोर उजव्या हातानं ओढून अंगठ्यानं दाबावा लागतो, तेव्हाच ते डावीकडे जातं. सत्यदेवनं काल पुन्हा बांधलेला खुंट सोडला, तर उरलेल्या तिन्हींवर तसंच होतं.

गाठी त्याच्याच होत्या. मग त्यानं हिराला हाक मारली. सत्यदेव चर ओलांडून आपणच आला.

"वहिनी, शुक्रवारी काय झालं? खरं सांग."

हिरानं पदर सावरला. "मी चूल पेटवत होते. नुकतं फटफटत होतं. तू बाहेर, दोर सोडतोयस. मी विचारलं, तुलसी, सिक्लोन येतंय काय? तू म्हणालास, दोन नंबर लागलाय."

"शुक्रवारी?"

"शुक्रवारी."

"शुक्रवारी कुठला नंबर नव्हता."

"ठाऊक आहे. रेडिओ लावला मी. गाणी चालली होती. आभाळ कोरडं ठक्क."

"मग तू काय केलंस?"

"मी सत्याला सांगितलं. त्यानं आपला मांडव उतरवलान, बाकीच्यांनीही उतरवले. दोघं हसले आम्हांला, त्यांचे मांडव सोमवारी मोडले. आम्ही म्हटलं, तुलसीला आधीच कळलं. तुझं देवासारखं नाव झालं आळीत! आणि मंगळवारी तू येऊन विचारतोस, कोणी उतरवलान?"

सत्यदेव म्हणाला, "काका, तुम्ही विसरलात हे तुम्हांला कसं सांगणार? मी म्हटलं, माझ्या अंगावर घेतो."

"आणि मी म्हटलं, याला जमणार नाही," हिरा म्हणाली.

तुलसीरामनं शुक्रवार आठवून पाहिला. बसमध्ये खिडकीशी बसलेलं आठवत होतं, क्युरपीपला बदललेली बस आठवत होती. जमुनासाठी घेतलेली बिस्किटं आठवत होती. त्याआधीचं घर, अंगण, दोर, यांतलं काही नव्हतं. दुसरा इशारा आपण कुठे ऐकला, गांधीलमाश्या पाहिल्या होत्या की नाही, की मागच्या एखाद्या वर्षाची सकाळ त्या सकाळीत मिसळली, याचं उत्तर त्याला मिळेना. आपण वाऱ्याला ओळखलं, की आपलं डोकं चुकलं आणि वादळ योगायोगानं आलं? सत्यदेवचं म्हणणं पहिलं. जमुनानं मत दिलं नाही.

"मी उतरवला," शेवटी तुलसीराम म्हणाला. "म्हणजे उभा मीच करायचा."

पण क्रम त्याला आठवत नव्हता. तो वेलांवरून शोधावा लागला. घराजवळच्या कोपऱ्यावर तिन्हीकडचे वेल, म्हणून तो शेवटचा, एवढं बुधवारी कळलं होतं. उरलेल्या तीन कोपऱ्यांसाठी तो जाळीखाली हात घालून कोणता देठ कोणावर आहे ते चाचपत गेला, आणि सत्यदेव प्रत्येक गाठ सोडायच्या आधी विचारत गेला, "नक्की, काका?" दोनदा तुलसीराम म्हणाला, "नाही, थांब." दहाच्या सुमाराला मांडव उभा राहिला. फाटलेला वेल सोडून एकही तुटला नाही. कुजलेली कारली टोपलीभर निघाली, ती हिराच्या बकरीनंही खाल्ली नाहीत.

वाऱ्यासाठी लोक त्याच्याकडे पुढेही येत राहिले. तो आधी विचारायचा, "रेडिओ काय म्हणतो?" लोकांना ती त्याची नवी थट्टा वाटायची.

मार्चमध्ये एका सकाळी त्यानं पुन्हा दोराला हात लावला. हिरानं समोरून पाहिलं आणि रेडिओ न लावताच सुनेला आपल्या मांडवाकडे पिटाळलं. तुलसीराम मात्र एक गाठही न सोडता चर ओलांडून सत्यदेवच्या दारात गेला.

"सत्या, चल माझ्याकडे. मांडव उतरवायचाय."

"नंबर लागला काय, काका?"

"ठाऊक नाही. मला वाटतं येतंय. तू गाठी मार, मी नुसता धरतो."

सत्यदेवनं चारही गाठी मारल्या, शेपटं उजवीकडे. तुलसीरामनं घरात जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसापुढे पेन्सिलीनं लिहिलं: मांडव, सत्यदेव.