काळूराम तिरंदाज नव्हता

परवा नंदूशेठने आमच्या जुन्या ग्रुपवर एक फोटो टाकला. शहापूरच्या बसस्टँडमागचा त्याचा सायबर कॅफे, जाडजूड कॉम्प्युटर, आणि त्यांच्यासमोर मी आणि काळूराम. खाली लिहिलंय, 'आमचा पुजारी आणि आमचा तिरंदाज'... आणि हसणारे चेहरे.

वीस वर्षं होऊन गेली. तरी वाचलं आणि कानशिलं तापली.

तेव्हा आम्ही दोघं आसनगावजवळच्या एका कारखान्यात होतो. मी सापगावचा, पॅकिंगला. काळूराम कसाऱ्याच्या वरच्या पाड्यावरचा, कारखान्याचा वायरमन. रविवारी नंदूशेठच्या कॅफेत जाऊन गेम खेळायचो. शेठसुद्धा एक कॉम्प्युटर घेऊन आमच्याबरोबर बसायचा.

तो नुसता धडाधड मारामारीचा गेम नव्हता. सुरुवातीलाच ठरवायचं आपण कोण... योद्धा, तिरंदाज, जादूगार की पुजारी. मग लढत गेलं की लेव्हल वाढते, लेव्हल वाढली की पॉइंट मिळतात, आणि ते शक्ती, चपळाई, बुद्धी यांत आपणच वाटायचे. एकदा टाकलेला पॉइंट परत निघत नाही.

पहिल्या दिवशी आम्ही इंग्रजीला बिचकलो, म्हणून शेठनेच सगळं भरलं. माझ्या गळ्यातली तुळशीची माळ बघितली आणि म्हणाला, "हा पुजारी." मग काळूरामकडे बघितलं. "हा पाड्यावरचा. याचा नेम तर रक्तातच असनार. तिरंदाज!" स्वतः योद्धा झाला. अर्ध्या मिनिटात आमचा निकाल.

काळूरामने जन्मात धनुष्य हातात धरलं नव्हतं. टेस्टर धरला होता.

बरेच रविवार खेळलो. पुढे एका पुलावर अडकलो. पुलावर एक राक्षस... काळूरामचे बाण त्याला लागायचे, पण त्याला काही व्हायचंच नाही. मी मंत्र टाकून टाकून दोघांना जिवंत ठेवायचो, आणि शेवटी तिघंही मरायचो.

एका रविवारी शेठ वैतागून उठला. काळूरामच्या खांद्यावरून वाकून त्याने पॉइंटचं पान उघडलं. चपळाई पहिल्या दिवशी होती तेवढीच. सगळे पॉइंट पुस्तकाच्या चित्रापुढे... म्हणजे बुद्धीत.

"अरे येड्या, तिरंदाजाला बुद्धी काय करायची?"

अख्खा कॅफे हसला.

काळूराम हळूच म्हणाला, "त्या जादूगाराच्या हातातनं वीज निघते ना, शेठ. मना तो पायजे होता. वाटला, बुद्धी वाढवली तर जमंल."

"मंग आधी बोलायचं ना!"

"तुमी इचारलंच नाय."

शेठने माऊस ओढून घेतला. काळूरामचा इतक्या रविवारांचा तिरंदाज पुसून टाकला आणि तिथेच दुसरा बनवला. परत तिरंदाजच! "आता पॉइंट मी सांगतो तिथेच टाकायचे." काळूराम उठला, दारातल्या चपला पायात सरकवल्या आणि गेला.

मी ओरडलो. काय ओरडलो ते इथे लिहिण्यासारखं नाही... तोवर त्या कॅफेत माझा आवाजही कोणी ऐकला नव्हता. शेठ बघतच राहिला. "तुला काय झालं रे, माळकऱ्या? तुझा पुजारी तर हाय तसाच हाय."

संध्याकाळी देवळात भजनाला बसलो, तर टाळ नुसता आपटत होतो. बुवांनी मध्येच थांबून बघितलं. "टाळ हाय तो बाबा, हातोडा नाय."

खरं सांगू का, हिशोबाने शेठ बरोबर होता. तिरंदाजाने बुद्धीत टाकलेले पॉइंट वायाच जातात. आणि हेच मला जास्त सलत होतं. काळूरामने एकूणएक पॉइंट अगदी अचूक टाकला असता, तरी काय झालं असतं? दुसऱ्याने ठरवलेला तिरंदाज आणखी चांगला झाला असता, एवढंच.

मला विचारलं असतं, तर मी पुजारीच म्हणालो असतो. मागे उभं राहायचं, पडलेल्या सोबत्याला उठवायचं... हे काम मला मनापासून आवडायचं. पण शेठने माझी माळ बघितली. मला बघितलंच नाही.

पुढच्या रविवारी काळूरामला जवळजवळ ओढतच नेलं. "नाय येत मी. परत बान मारायला?" असं सगळ्या वाटेने चालू होतं. कॅफेत गेल्यावर शेठला म्हटलं, आज तुम्ही काउंटरवरच बसा. मग माझा चांगला वाढवलेला पुजारी मी माझ्या हाताने पुसला.

"अरे अरे, तू कशाला?" काळूराम ओरडला.

दोघांनी पहिल्यापासून सुरू केलं. त्या मशीनने काळूरामला नाव विचारलं. गाव विचारलं नाही.

मी परत पुजारीच घेतला. काळूराम माझ्या स्क्रीनकडे बघून म्हणाला, "तोच घेतलास की रे!"

"हो. पण या वेळी मी घेतला."

तो बराच वेळ चारही चित्रांवरून माऊस फिरवत राहिला. मग जादूगारावर थांबला. पहिल्याच लढाईत त्याच्या हातातून एक बारीकशी ठिणगी निघाली, समोरच्या वटवाघळाला काहीच झालं नाही, आणि त्या वटवाघळाने त्याला लोळवला. "मेलो गो आये!" म्हणून काळूराम असा हसला, की शेजारचे लोक मान वळवून बघायला लागले.

मी मंत्र टाकून त्याला उठवला. तो परत मेला. मी परत उठवला...

परवा त्या फोटोखाली मी एवढंच लिहिलं, 'शेठ, काळूराम जादूगार आहे.' शेठने खाली 'लाइक'चा अंगठा टाकला. त्याला आजही काही कळलेलं नाही. म्हणून माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा असं मी देवाकडे मागतही नाही.

थोड्या वेळाने खाली काळूरामचं आलं... 'आनि पुजाऱ्याने लई वेळा उठवलेला.'

फोन बाजूला ठेवला आणि देवाला हात जोडले. ते काम मला माझ्या हाताने निवडता आलं, म्हणून.