ला पाझचा ठसका

माझ्या बायकोने आमच्या एकाही सहलीचा शेवटचा दिवस पाहिलेला नव्हता. कारण मी. लग्नानंतर महाबळेश्वरला गेलो, तर दुसऱ्याच दिवशी स्ट्रॉबेरी-क्रीमने माझं पोट बिघडलं आणि आम्ही परत. केरळात मला हाउसबोट लागली. खाडीकाठच्या गावात जन्मलेला माणूस मी, आणि बोट तर काठाला बांधून ठेवलेली होती. हिमाचलात घाटाच्या वळणांनी अशी ओकारी सुरू झाली, की टॅक्सीवाल्यानेच हात जोडून गाडी वळवली. दर वेळी बायको नीट घड्या घालून बॅगा भरायची. घरी आल्यावर कुणी विचारलं, कशी झाली ट्रिप, तर म्हणायची, "छान झाली. जरा छोटी झाली."

त्यामुळे आम्ही दोघं पंचेचाळिशी ओलांडल्यावर तिने जेव्हा जाहीर केलं, की आता पाठीला सॅक लावून दोघांनीच बोलिव्हियाला जायचं आणि तिथलं मिठाचं वाळवंट बघायचं, तेव्हा मी मनाशी शपथ घेतली. काहीही होवो, या वेळी माझ्यामुळे अर्ध्यातून परत फिरायचं नाही.

बायको रबाळ्याच्या एका कारखान्यात केमिस्ट आहे. तिथल्या तिच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर वर्षानुवर्षं एकच चित्र होतं. क्षितिजापर्यंत पांढरंशुभ्र मीठ आणि त्यावर निळं आभाळ. "आयुष्यभर चमच्या-चमच्याने क्षार तपासले," ती म्हणाली, "एकदा डोळे भरून बघू दे."

माझ्या आईला मात्र हे कळेना. आई आमच्याजवळ जुईनगरला राहते, पण तिचं सगळं तरुणपण खाडीवरच्या मिठागरात गेलं. माझे वडील मीठ ओढायचे, ती पाट्या वाहायची. पुढे मिठागरं गेली, तिथे सेक्टर आले, आणि आमच्या घरात पुडीतलं मीठ आलं. "मीठ बघाया इमानात बसून जाता?" आई म्हणाली. "काखेत कळसा न् गावाला वळसा. माज्या पायाच्या भेगांत बघ, आजून निगंल त्यातनं."

पण निघायच्या दिवशी तिने बायकोच्या सॅकच्या कप्प्यात एक कापडी पुरचुंडी गुपचूप सरकवली. जाडं मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्या. तीनचार विमानतळांच्या तपासणीतून ती पुरचुंडी कशी सुटली, देव जाणे. आम्हाला ती सापडली ती बोलिव्हियातल्या ला पाझ शहरात पोहोचल्यावर.

तोवर माझी तयारी जोरात झाली होती. ला पाझ साडेतीन हजार मीटरच्या वर. आमच्याकडे उंच म्हणावं असं काही असेल तर सोसायटीची गच्ची, सात मजले. मी सॅकमध्ये तांदळाचं पोतं घालून रोज सकाळी जिना चढायला लागलो. पहिले काही दिवस सगळे विचारायचे, "लिफ्ट बंद आहे काय?" पुढच्या आठवड्यात सेक्रेटरीने मला गाठलं. "तुमी वर चाललाच आहात, तर पाण्याची ही नोटीस लावा ना प्रत्येक मजल्यावर." तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी निवडलेली भाजी देऊन सहाव्या मजल्यावर पोहोचवायला सांगू लागल्या. माझा दम वाढला की नाही माहीत नाही, पण सोसायटीची बरीच कामं झाली. मी मात्र छाती पुढे काढून सांगत फिरायचो, की उंची वगैरे सगळं मनाचे खेळ असतात.

ला पाझचा विमानतळ गावाच्याही वर, डोंगराच्या काठावर आहे, आणि गाव खाली खोलगट वाटीत पसरलेलं. विमानातून उतरलो आणि बुटाची नाडी बांधायला वाकलो. उठलो तेव्हा डोळ्यांपुढे काजवे. बायकोने विचारलं, "काय रे, ठीक आहेस ना?"

"एकदम," मी म्हणालो.

हॉस्टेल म्हणजे मधल्या अंगणाभोवती खोल्या आणि सगळ्यांना मिळून एक स्वयंपाकघर. मालकीणबाई साधारण आमच्याच वयाच्या, लांब दोन वेण्यांच्या, घेरदार घागऱ्याच्या. त्यांनी आल्याआल्या कोकाच्या पानांचा चहा हातात दिला. चव उकडलेल्या गवतासारखी. मी तीन कप प्यालो आणि म्हणालो, मस्त आहे.

दुसऱ्या दिवशी गाव बघायला निघालो. तिथले रस्ते म्हणजे आमच्या सोसायटीचा जिना, फक्त संपतच नाही. डोक्यावर गोल टोप्या घातलेल्या, पाठीवर रंगीत कापडात बटाट्यांची गाठोडी बांधलेल्या बायका माझ्या शेजारून गप्पा मारत वर जात होत्या. माझं डोकं कुणीतरी खलबत्त्यात घालून कुटावं तसं ठणकत होतं. पण शपथ घेतली होती. मी एक युक्ती काढली. दम लागला की थांबायचं, मोबाइल काढायचा आणि फोटो घ्यायचा. बायकोला वाटावं, नवरा रसिक आहे.

बायको खूश होती. "तुला आवडतंय ना?" दर वळणावर विचारायची. उत्तर द्यायला श्वास नसायचा, म्हणून मी आणखी एक फोटो काढायचो. डोक्यावरून तारेवर सरकणाऱ्या रोपवेच्या डब्यांत बसून गावाच्या या टोकाहून त्या टोकाला जाता येतं, तिथे बसल्यावर मात्र मला फार बरं वाटलं. बसायला मिळालं म्हणून. बायकोला वाटलं, दृश्य आवडलं.

संध्याकाळी जेवण गेलं नाही. रात्रभर झोप नाही. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळची आमची मिठाच्या वाळवंटाकडे जाणारी बस होती.

सकाळी मी अंथरुणातच होतो. बायको पलंगाच्या कडेला बसून माझ्या मोबाइलमध्ये कालचे फोटो बघत होती. एक बंद शटर. एक विटांची भिंत. कचऱ्याचा डबा. तीच भिंत, जरा वरून. झोपलेला कुत्रा. पुन्हा शटर, दुसरं. ती बघतच गेली. मग मोबाइल बाजूला ठेवला आणि माझ्या कपाळावर हात ठेवला.

"हे फोटो नाहीत," ती म्हणाली. "हे तू जिथे जिथे थांबलास त्या जागा आहेत."

माझं पितळ उघडं पडलं. तरी मी म्हणालो, "संध्याकाळपर्यंत बरा होतो बघ." हे वाक्य म्हणताना मधे दोनदा श्वास घ्यावा लागला.

नेमका त्याच वेळी आईचा व्हिडिओ कॉल आला. आमच्याकडे सकाळचा नाश्ता, आईकडे दिवेलागण. तिच्यामागे देव्हाऱ्यातलं निरांजन दिसत होतं. माझा चेहरा बघताच ती म्हणाली, "तोंड बघ कसा झालाय! नजर लागलीय याला. सूनबाई, पुरचुंडी दिलीय ना मी? काढ आताच्या आता. तिन्हीसांज हाय."

"आई, इथे सकाळ आहे," मी म्हणालो.

"हितं तिन्हीसांज हाय ना?"

मला वाटलं बायको हसून वेळ मारून नेईल. ती केमिस्ट. लहानपणी मला सांगायचे, की विस्तवावर टाकलेल्या मिरच्यांचा ठसका आला तर नजर नव्हती, आणि नाहीच आला तर जबर लागली होती. लग्नानंतर हे तिला सांगितलं, तेव्हा तिने मिरचीत काय असतं आणि ते जळल्यावर नाकात काय होतं, यावर मला अर्धा तास व्याख्यान दिलं होतं. पण ती उठली, सॅकमधून पुरचुंडी काढली. कदाचित तिला दुसरं काही सुचत नव्हतं. मला गोधडीसकट स्वयंपाकघरात नेऊन बाकावर बसवलं, कारण विस्तव तिथे होता. मोबाइल बरणीला टेकवून उभा केला, आईला दिसावं म्हणून.

स्वयंपाकघर भरलेलं होतं. कुणी अंडी फोडत होतं, कुणी केळी कापत होतं. देशोदेशीची विशीतली मुलं. त्यांच्यासमोर बायकोने मूठ माझ्यावरून उतरवली. आई जुईनगरहून म्हणत होती, "आल्यागेल्याची, पापी चांडाळाची, घरच्याची दारच्याची..." मुलं हातातलं काम थांबवून आदराने बघत होती. मग बायकोने सगळं तापल्या तव्यावर टाकलं.

पुढचं सांगवत नाही. मोहरी तडतडली, मिरच्या काळ्या पडल्या, आणि जो ठसका उठला! आधीच हवा विरळ, त्यात हा धूर. सगळं स्वयंपाकघर खोकत अंगणात धावलं. छताला लावलेला, धूर झाला की वाजणारा भोंगा कोकलायला लागला. वरच्या मजल्यावरची माणसं टॉवेलवर बाहेर आली. एक उंच सोनेरी मुलगा डोळे चोळत मला विचारत होता, गॅस फुटला का? माझ्या खोकल्याला तर अंतच नव्हता. आणि बरणीला टेकलेल्या मोबाइलमधून आई ओरडत होती, "ठसका आला काय? आला काय ठसका?"

मालकीणबाई धावत आल्या. खिडक्या उघडल्या, तवा उचलून नळाखाली धरला. त्यातले मिठाचे खडे बघितले, मग गोधडीत गुंडाळलेल्या मला बघितलं. माझ्या डोक्याभोवती हवेत हात फिरवून बायकोला खुणेने विचारलं, हे करत होतात? बायकोने मान खाली घालून हो म्हटलं. बाईंनी समजल्यासारखी मान हलवली. मग तवा जळल्याबद्दल भरपूर झापलं, आणि डॉक्टरला फोन केला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. बोटाला चिमटा लावला, छाती तपासली, मोबाइलवर भाषांतर करत म्हणाल्या, काळजीचं नाही, पण हा माणूस समुद्रकाठचा आहे. याने इथेच पडून राहावं, पाणी, सूप घ्यावं. वाळवंटाच्या वाटेवर याहून उंच जावं लागतं आणि जवळ दवाखाना नाही, तिकडे न्यायचं नाही.

खोलीत आल्यावर बायकोने तिची सॅक पलंगावर घेतली आणि ती रिकामी करायला लागली. मिठाच्या चकाकीसाठी खास घेतलेला काळा गॉगल. लोकरी टोपी. ओठांना लावायचं मलम. एकेक वस्तू काढून नीट बाजूला ठेवत होती. तिने चिडायला हवं होतं. आदळआपट करायला हवी होती. पण तिचे हात इतके सराईत होते, की मला महाबळेश्वरची खोली आठवली, केरळची आठवली. मला फार लाज वाटली. आणि तिच्याबद्दल इतकं वाईट वाटलं, की डोकं ठणकायचं क्षणभर विसरलो.

"तू जा," मी म्हणालो.

"वेडा आहेस का?"

"बसमध्ये बरोबर कितीतरी माणसं आहेत. गाइड आहे. मी इथे झोपून राहणार, हेच करायला सांगितलंय. तू बसून माझा श्वास मोजणार का?"

"आणि आईंना काय सांगायचं? नवऱ्याला टाकून मीठ बघायला गेले?"

"सांग, नवरा बघण्यासारखा राहिला नव्हता."

ती हसली नाही. मी थोर मनाने बोललो असं मला सांगता आलं असतं, पण निम्मं कारण असं होतं, की मला त्या बसची भीती वाटत होती. उरलेलं निम्मं मात्र खरं होतं. शेवटी तिने टोपी परत सॅकमध्ये घातली. मग मलम. जाताना दारातून दोनदा परत आली, एकदा माझं पाणी भरायला आणि एकदा नुसतीच.

ती गेल्यावरचे दिवस मी अंगणात उन्हाला बसून काढले. मालकीणबाई बटाट्याचं सूप आणून द्यायच्या आणि मी संपवेपर्यंत समोर उभ्या राहायच्या. ती मुलं येता-जाता माझी चौकशी करायची. सर्दी झालेल्या एका मुलीने विचारलं, तो मिरच्यांचा विधी माझ्यासाठीही कराल का? मी म्हटलं, पुजारीणबाई बाहेरगावी गेल्यात. रोज थोडी डोकेदुखी उतरत गेली. चौथ्या दिवशी मी न थांबता कोपऱ्यापर्यंत चालून आलो आणि एकही फोटो काढला नाही.

तिचा फोन लागत नव्हता, मिठावर रेंज नसते म्हणे. मी दर तासाला बघायचो. एकदा तर उगाचच रडू आलं, ते मी विरळ हवेच्या नावावर घातलं.

ती परत आली तेव्हा नाक सोललेलं, ओठ फाटलेले, आणि चेहऱ्यावर असं हसू की मी आधी कधी पाहिलं नव्हतं. सॅक खाली न ठेवताच बोलायला लागली. मिठावर पाणी साचलेलं, त्यात आभाळ, चालताना कळत नव्हतं आपण कशावर चालतोय. "आणि शेवटच्या दिवशी ना..." ती म्हणाली आणि थांबली. मग ती पुढे सांगत राहिली, आणि मी ऐकत राहिलो. शेवटच्या दिवशी काय काय असतं, ते मलाही पहिल्यांदाच कळत होतं.

जुईनगरला घरी आलो. बायकोने आईची तीच कापडी पुरचुंडी परत दिली, तिकडच्या मिठाने भरलेली. आईने एक खडा जिभेवर ठेवला, डोळे मिटले. "बरं हाय," म्हणाली. "आपल्यावानी नाय. पन बरं हाय."

मग ती आत गेली, विस्तव करून आणला, मोहरी-मिरच्या घेतल्या आणि त्यातच ते लांबचं मीठ मिसळलं. मी पाट ओढून पुढे बसलो.

"तू ऊठ," आई म्हणाली. "सूनबाई, तू बस."

"अगं, आजारी मी होतो," मी म्हणालो.

"तितं ठसका लागला ना समद्यांना? मंजे नजर नवतीच. तुला रं कोन नजर लावील?" आईने भरली मूठ बायकोच्या सोललेल्या चेहऱ्यावरून उतरवायला सुरुवात केली. "नजर लागंल ती हिला. पोर एकटी जाऊन आली."

मी उठून खिडकी उघडायला गेलो. मिरच्या विस्तवावर पडल्या. आम्ही तिघं वाट बघत राहिलो, आणि ठसका आलाच नाही.