त्याच्या उजव्या हाताची जागा

मला फुटबॉल कळत नव्हता, हे माझं भाग्यच होतं. कचेरीत शेजारच्या टेबलावर बसणारा माझा मित्र एके काळी चांगला खेळलेला. घोट्याचं हाड मोडल्यापासून नुसता पाहायचा. शनिवारी अर्ध्या दिवसानं कचेरी सुटली की तो मला सायकलच्या दांडीवर बसवून मैदानावर न्यायचा. कामठीच्या छावणीतले गोरे बूट घालून खेळायचे, आपली पोरं अनवाणी. आम्ही चुन्याच्या रेषेला लागून गवतात बसायचो, मी त्याच्या उजव्या हाताला. माझ्या मांडीवर रुमाल अंथरून तो शेंगांची टरफलं मांडायचा आणि कोण कुठून धावतो ते समजवायचा. मी चुकलो की ओरडायचा, "डोकं घरी ठेवून आला का गा?" त्या ओरडण्याचीही मला गोडी लागली होती.

पावसाळा सरेपर्यंत मला खेळ कळू लागला. तेवढ्यात कचेरीत खापा गावचा एक नवा कारकून रुजू झाला. फुटबॉल त्यानं जन्मात पाहिला नव्हता. शनिवारी मित्र मला म्हणाला, "तुले आता सारं समजते. तू पायी ये, मी याले घेऊन जातो."

मी घामेजून पोचलो तेव्हा रुमाल नव्याच्या मांडीवर होता. मी डावीकडे बसलो. त्या दिवशी आपल्या पोरांनी गोऱ्यांवर दोन गोल चढवले, लोकांनी टोप्या उडवल्या, आणि मी मात्र मित्र नव्याकडे पाहून किती वेळा हसतो ते मोजत होतो. माझा नुसता जळफळाट झाला.

पुढच्या शनिवारी मी युक्ती केली. गोलकीपरनं बॉल झेलला, तसा भोळा चेहरा करून मित्राला विचारलं, "त्यानं हात लावला तं त्याले कोणी काही काहून म्हणत नाही?"

मित्रानं मैदानावरची नजर हलवली नाही. नव्याला म्हणाला, "तू सांग गा याले. मी पाहून राहिलो."

नवा मित्राच्या पुढून माझ्याकडे वाकला. "गोलकीपरले माफ आहे, भाऊ. मैदानात कुठंही हात लावला तरी चालते."

साफ चूक. गोलसमोर आखलेल्या चौकटीबाहेर चालत नाही, हे मी शिव्या खाऊन पाठ केलं होतं. पण मीच अडाणी झालो होतो, आता टोकणार कसा? मित्र नव्यावर ओरडेल म्हणून वाट पाहिली. त्यानं ऐकलं, हसला, आणि नव्याच्या पाठीवर थाप मारली. माझ्याशी तो इतका मवाळ कधीच झाला नव्हता.

"समजलं ना, भाऊ?" नव्यानं विचारलं.

मी हो म्हणालो.